‘मी काही करत नाही, घरीच असते’ : मारियाताई मीस यांची गोष्ट



मागच्या महिन्यात गटांची माहिती भरायला मी एका वस्तीवर गेले होते. फॉर्म तुम्हाला माहीतच आहे. नाव, वय, शिक्षण, गटात कधीपासून, आणि मग येतो ‘व्यवसाय’ हा रकाना. ओट्यावर बसलेल्या एका काकूंना मी विचारलं, "काकू, तुम्ही काय करता?" काकू म्हणाल्या, "मी काय करणार बाई? मी काही करत नाही, घरीच असते." मी लिहिलं, ‘गृहिणी’. लिहून वर बघितलं तर काकूंच्या मांडीवर सूप. सुपात मणी, रेशमी धागे, चमकीच्या गोल चकत्या. आमचं एवढं बोलणं होईपर्यंत त्यांच्या हातातून तीन राख्या बांधून झाल्या होत्या. बाजूला पिशवीत तयार गठ्ठे ठेवलेले. मधल्या माणसाने काल माल टाकला होता, परवा तो न्यायला येणार होता.

खरं सांगते, तेव्हा मी फॉर्म खोडला नाही. माझ्या लक्षातच आलं नाही. पुढच्या घरी गेले, तिथंही ‘गृहिणी’ लिहिलं. रात्री फॉर्म लावताना एकामागून एक तोच शब्द दिसायला लागला, तेव्हा मला एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षात वाचलेलं एक नाव आठवलं. मारिया मीस. जर्मनीच्या बाई. त्यांनी याच एका शब्दावर, ‘गृहिणी’ या शब्दावर, आयुष्यातली कितीतरी वर्षं घालवली. आणि त्यांचा हा अभ्यास सुरू झाला तो आपल्या पुण्यात. म्हणून या अंकात त्यांची गोष्ट सांगते. मी त्यांना मारियाताई म्हणणार आहे, चालेल ना?

मारियाताईंची पदवी समाजशास्त्राची, पण त्यांचं काम राजकीय अर्थशास्त्राचं समजलं जातं. हा शब्द ऐकून घाबरू नका. काम कोण करतं, त्याचा पैसा कुणाच्या हातात जातो, आणि भाव ठरवायचा अधिकार कुणाकडे असतो, या तीन प्रश्नांचा अभ्यास म्हणजे राजकीय अर्थशास्त्र. गटाच्या बैठकीत आपण हेच बोलतो, फक्त त्याला हे नाव देत नाही.

मारियाताईंचा जन्म १९३१ चा. जर्मनीच्या पश्चिमेला आयफेल नावाचा डोंगराळ, थंड, गरीब भाग आहे. तिथल्या आउएल नावाच्या छोट्या खेड्यात त्या जन्मल्या. घर शेतकऱ्याचं, भावंडं बारा. जर्मनी म्हटलं की आपल्याला मोटारी आणि कारखाने आठवतात, पण यांचं बालपण गोठा, बटाट्याचं शेत आणि हातावरचं काम यातच गेलं.

त्यांच्या आईची एक गोष्ट त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. ती मला फार आवडते. १९४५ सालचा सुरुवातीचा काळ. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, जर्मनी हरत चाललेली. पाच मुलगे लढाईवर गेलेले, कोण परत येईल याचा पत्ता नाही. गावातली माणसं म्हणायची, आता सगळं संपलं, कशाला काय करायचं. लोकांनी जनावरं वाढवायचंच सोडून दिलं होतं. अशा वेळी ही माउली आपली डुकरीण घेऊन शेजारच्या गावी निघाली, नराकडे दाखवायला. लोक हसले. तिचं म्हणणं एवढंच की जगणं थांबत नसतं. (डुकरीण वाचून काही जणी तोंड वाकडं करतील. आपली शेळी समजा, हिशोब तोच आहे.) मे अखेरीला लढाई संपलेली होती आणि डुकरीण व्याली, बारा पिल्लं झाली. आजूबाजूला कुणाकडे एक पिल्लू नव्हतं. पैशाला काही किंमत उरली नव्हती. एकेक करून पाचही मुलगे घरी परतले, अंगावर धड कपडा नाही. आईने पिल्लांच्या बदल्यात त्यांच्यासाठी बूट, पँट, शर्ट, कोट मिळवले.

मारियाताई पुढे मोठ्या विद्यापीठांत गेल्या, जाड पुस्तकं लिहिली. पण अर्थशास्त्र कुठून सुरू होतं असं विचारलं की त्या या गोष्टीकडे परत यायच्या. देशाचा पैसा बुडाला, सरकार पडलं, तरी घर उभं राहिलं ते कुणाच्या जिवावर? आणि त्या कामाची नोंद कुठल्या वहीत आहे?

शिकून त्या शाळेत शिक्षिका झाल्या. १९६३ साली जर्मन भाषा शिकवायला पुण्यात आल्या, मॅक्सम्युलर भवनात. पाच वर्षं राहिल्या. तिथं त्यांना एक गंमत दिसली. वर्गातली मुलं जर्मन कशाला शिकतात ते उघड होतं, इंजिनिअरिंगला जर्मनीला जायचं. पण मुली कशाला येतात? त्यांना तर कुणी जर्मनीला पाठवणार नव्हतं. त्यांनी चौकशी केली, त्याचा रीतसर अभ्यासच केला. तेव्हा कळलं की बऱ्याच मुली लग्न लांबवायला येतात. मुलगी घरी बसली की स्थळं सुरू. मुलगी काहीतरी शिकतेय म्हटलं की वर्ष-दोन वर्षं सवड मिळते. तेव्हा मुलींसाठी जर्मन भाषा म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली जागा होती. हे वाचलं तेव्हा मला हसूही आलं आणि माझं मलाच ओळखल्यासारखं झालं. मी एमएसडब्ल्यूला प्रवेश का घेतला, हे माझ्या आईला विचारू नका.

या प्रश्नाने त्यांना सोडलं नाही. जर्मनीला परत जाऊन त्यांनी कलोन विद्यापीठातून भारतीय बायकांवर डॉक्टरेट केली. मग त्याच शहरात समाजशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. नवरा त्यांना भारतीयच मिळाला, सरल सरकार, तेही जर्मन शिकवणारे आणि लिहिणारे.

भारतातल्या बायकांवर अभ्यास करताना त्यांना एक गोष्ट खटकली. आपण भारतातल्या बायकांवरच्या अन्यायाबद्दल लिहितोय, पण आपल्या गल्लीत काय चाललंय? १९७० नंतरची गोष्ट आहे. कलोनमध्ये मार खाणाऱ्या बाईला रात्री जायला जागा नव्हती. मारियाताई, त्यांच्या विद्यार्थिनी आणि इतर बायका एकत्र आल्या, आणि नगरपालिकेकडे घर मागितलं. अधिकाऱ्यांचं उत्तर कसं असेल ते तुम्ही ओळखलंच. अशा किती बायका आहेत? आकडा द्या. गरज सिद्ध करा.

आता मार खाणारी बाई आकडा द्यायला ऑफिसात जाते होय? मग या सगळ्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, तुमच्या शेजारी बाईला मारहाण होते का, तुम्ही काय करता? लोकांच्या सह्या घेतल्या. पेपरात बातम्या आल्या. आणि जागा मिळायच्या आधीच बायका यांच्याकडे यायला लागल्या. १९७६ मध्ये कलोनचं ते आश्रयघर सुरू झालं. जर्मनीतल्या अगदी पहिल्या आश्रयघरांपैकी ते एक.

यातून त्यांनी अभ्यासाची एक रीत सांगितली, आणि आम्हा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना ती अजून शिकवतात. वर बसून, वही घेऊन, लांबून बायकांचा अभ्यास करू नये. त्यांच्या बाजूने उभं राहावं, काहीतरी बदलायला हात घालावा, मग खरी माहिती कळते. अभ्यास करणारीने तटस्थ राहिलंच पाहिजे हे त्यांना मान्य नव्हतं. मी फॉर्म भरत एका दिवसात चौदा घरं करते तेव्हा ही रीत माझ्या लक्षात राहत नाही, हे कबूल करते.

त्याच सुमारास त्यांचं लक्ष पुन्हा महाराष्ट्राकडे गेलं, या वेळी शहाद्याकडे. शहादा आता नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा धुळ्यात होता. तिथल्या भिल्ल आणि इतर आदिवासींच्या जमिनी मोठ्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या, आणि आपल्याच जुन्या जमिनीवर त्यांना मजूर म्हणून राबायची वेळ आली होती. १९७२ साली तिथं श्रमिक संघटना उभी राहिली. दुष्काळाचे दिवस होते. जमिनीचा आणि मजुरीचा लढा चालू असताना बायका पुढे आल्या आणि त्यांनी दारूचा प्रश्न धरला. गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मारियाताईंनी या लढ्यावर १९७६ मध्ये इंग्रजीत लेख लिहिला, म्हणून जगातल्या अभ्यासकांपर्यंत शहाद्याचं नाव गेलं. आपल्या भागात दारूबंदीसाठी ज्या जणी उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या आधीच्या पिढीची ही ओळ आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आंध्र प्रदेशात गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात नरसापूर नावाचं गाव आहे. आपल्या नाशिकला उगम पावणारीच गोदावरी. त्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत बायका क्रोशाच्या सुईने लेस विणतात. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी तिथल्या गरीब बायकांना ही कला शिकवली. मग व्यापारी आले, माल परदेशी जाऊ लागला आणि कापू या शेतकरी जातीतल्या बायकाही मोठ्या संख्येने विणायला लागल्या. १९७७-७८ च्या सुमारास मारियाताई तिथं गेल्या, तेलुगु येणाऱ्या दोन सहकारी मुलींना बरोबर घेऊन. तेव्हा लेस विणणाऱ्या बायका एक लाखाच्या घरात होत्या.

काम कसं चालायचं ते नीट वाचा, कारण तुमच्यापैकी काहींना ते ओळखीचं वाटेल. एजंट घरी येऊन दोरा देणार. दोरा मोजून. एक बाई फक्त छोटी गोल फुलं विणणार. ती फुलं घेऊन एजंट दुसऱ्या घरी जाणार, तिथली बाई फक्त ती जोडणार. अख्खा टेबलक्लॉथ कसा दिसतो ते फुलं विणणाऱ्या बाईला बघायलाही मिळत नव्हतं. तो युरोपात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात कितीला विकला जातो हे तर लांबच. पैसे नगावर. एजंटच्या वर व्यापारी, व्यापाऱ्याच्या वर निर्यात करणारा. विणणाऱ्या सगळ्या बायका आणि वरचे बहुतेक सगळे पुरुष. हरितक्रांतीत ज्यांच्या हातात पैसा आला अशा मोठ्या शेतकऱ्यांनी तो या धंद्यात घातला आणि त्यांचे बंगले उभे राहिले.

आणि बाईला? दिवसाला सहा ते आठ तास विणून हातात एक रुपयासुद्धा पडत नव्हता. तेव्हा शेतमजूर बाईसाठी सरकारने जो किमान रोज ठरवला होता, त्याच्या एक तृतीयांशही ते भरत नव्हतं. बरं, विणकाम झाल्यावर स्वयंपाक, पाणी, जनावरं, पोरं होतीच. सगळं धरून दिवस तेरा-चौदा तासांचा.

व्यापाऱ्यांना विचारलं तर ते म्हणायचे, अहो, या काही कामगार नाहीत, या गृहिणी आहेत, फावल्या वेळात विणतात. सरकारी मोजणीतही त्यांतल्या बहुतेक जणी काम न करणाऱ्या म्हणूनच धरल्या गेल्या होत्या. सहा-आठ तासांचा फावला वेळ! कुठल्या बाईला असतो तो, मला भेटली तर सांगा.

मारियाताईंना तिथं सगळ्यात जास्त जे टोचलं ते वेगळंच होतं, आणि मलाही वाचताना तेच टोचलं. विणणाऱ्या कापू बायका स्वतःला शेतात जाणाऱ्या दलित बायकांपेक्षा वरच्या समजायच्या. आम्ही गोषातल्या, आम्ही घरात बसून काम करतो, उन्हात जात नाही. आणि शेतात जाणाऱ्या त्या बायका रोजाला यांच्यापेक्षा जास्त कमावत होत्या! शिवाय त्या शेतात दहा-पंधरा जणी एकत्र असायच्या. रोज कमी दिला तर एकमेकींकडे बघून ‘नाही येत’ म्हणू शकत होत्या. विणणारी आपल्या घरात एकटी. शेजारणीला काय भाव मिळतो हे तिला माहीत नाही, आणि ती विचारणारही नाही, कारण आपण काम करतो हेच तिला मान्य नाही. म्हणजे घराण्याची अब्रू म्हणून जो उंबरठा तिने सांभाळला, त्याच उंबरठ्यामुळे व्यापाऱ्याला ती स्वस्तात मिळाली.

या अभ्यासाचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यात त्यांनी एक शब्द वापरला, मराठीत आपण त्याला ‘गृहिणीकरण’ म्हणू. बाई मुळात गृहिणी म्हणून जन्माला येत नाही, तिला गृहिणी ठरवलं जातं. एकदा ठरवलं की दोन गोष्टी होतात. घरातलं काम फुकट धरता येतं. आणि घरात बसून जे विकायचं काम ती करते त्याचा भावही पाडता येतो, कारण पोट भरायला नवरा आहेच, हिचे पैसे म्हणजे वरखर्चाला. मग तिच्या नवऱ्याला खरंच काम आहे का, तो पैसे घरी देतो का, तो जिवंत तरी आहे का, हे कुणी विचारत नाही. आपल्या गटांत किती एकल महिला आहेत, त्यांनाही नगाचा भाव तोच मिळतो.

१९८६ मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं, पुरुषसत्ता आणि जगभरात पैसा कसा साठत जातो याच्यावर. सगळं मी इथं सांगत बसत नाही, मलाही ते दोनदा वाचावं लागलं. त्यांनी आणि त्यांच्या दोन जर्मन मैत्रिणींनी मिळून अर्थव्यवस्थेचं एक चित्र मांडलं, समुद्रात तरंगणाऱ्या बर्फाच्या डोंगराचं. पाण्याच्या वर थोडाच भाग दिसतो, तिथं कारखाने, पगार, बँका. पाण्याखाली केवढा तरी भाग असतो, तिथं घरकाम, घरी बसून केलेलं मजुरीचं काम, छोटे शेतकरी, गुलाम केलेले देश, आणि जंगल-पाणी-माती. सरकार मोजतं ते वरचं. आपण बर्फाचा डोंगर कुठं पाहिलाय? भुईमूग डोळ्यापुढे आणा. वर पाला दिसतो, शेंगा सगळ्या मातीत. पाला मोजून उत्पन्न सांगणाऱ्याला आपण वेडा म्हणू.

आपल्या देशात आता हे थोडं मोजायला लागले आहेत. २०१९ साली सरकारने वेळेचा सर्व्हे केला, बाई-पुरुष दिवसभरात कशाला किती वेळ देतात याचा. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं तेव्हा त्यात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास, तेही बिनपैशाचे. पुरुषांची ९७ मिनिटं. ती पण फक्त जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी आहे, आणि असे पुरुष शंभरात २६ च निघाले.

मधल्या काळात मारियाताईंनी नेदरलँड्समध्ये द हेग शहरातल्या संस्थेत स्त्रिया आणि विकास हा अभ्यासक्रम उभा केला. आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या बायका तिथं शिकायला यायच्या. १९९३ मध्ये आपल्या वंदना शिवा यांच्याबरोबर त्यांनी बाई आणि निसर्ग यांच्यावर पुस्तक लिहिलं. बियाणं, पाणी, जंगल कंपन्यांच्या हातात गेलं की पहिली झळ बाईला बसते, हा त्याचा गाभा. बियाणं घरात राखणाऱ्या जुन्या ताईंना हे नव्याने सांगायची गरज नाही.

शेवटच्या काळातल्या त्यांच्या एका पुस्तकाची सुरुवात बांगलादेशातल्या गावाने होते. तो प्रसंग सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी, हिलरी क्लिंटन, तिथल्या एका खेड्यात ग्रामीण बँकेच्या कर्जदार बायकांना भेटायला गेल्या. आपल्यासारखेच गट. बायकांनी आपली माहिती दिली, कमाई किती, गायी-कोंबड्या किती. मग त्यांनी पाहुणीलाही तेच प्रश्न विचारले. ताई, तुमच्याकडे गायी किती? पाहुणी म्हणाली, एकही नाही. तुमची स्वतःची कमाई? ती म्हणाली, पूर्वी होती, नवरा राष्ट्राध्यक्ष झाल्यापासून नाही. मुलं किती? एक मुलगी. बायकांना तिची फार कीव आली. बिचारीला गाय नाही, स्वतःची कमाई नाही, आणि लेकरूही एकच!

मारियाताईंना यातून दाखवायचं होतं की श्रीमंत कोण, गरीब कोण, हे वरून बघितलं की एक दिसतं आणि खालून बघितलं की दुसरं. घरचं धान्य, घरचं दूध, घरचं बी, गावाचं पाणी, एकमेकींचा हात, यावर उभं असलेलं जगणं त्यांना बाजारापेक्षा भरवशाचं वाटायचं. आईची डुकरीण त्या विसरल्या नव्हत्या.

इथं मात्र माझं त्यांच्याशी पूर्ण जमत नाही. बाजाराबद्दल त्यांना इतका संशय होता की कधी कधी वाटतं, गावाकडचं जगणं त्यांना जरा जास्तच गोड दिसलं. त्या स्वतः शिकून गावाबाहेर पडल्या होत्या. आपल्या बायकांना रोख पैसा लागतो. मुलीच्या बसच्या पासला लागतो, दवाखान्याला लागतो. घरच्या दुधाने नर्सिंगची फी भरता येत नाही. आणि जुन्या गावगाड्यात घरचं धान्य सगळ्यांच्या घरात नव्हतं, ज्यांना जमीन होती त्यांच्याच घरात होतं. आपल्या प्रभागसंघातल्या अर्ध्या ताई भूमिहीन आहेत, त्यांना हे सांगायला नको. पण भाव कोण ठरवतं, हा त्यांचा प्रश्न मी सोडू शकत नाही. आपण गटातून कर्ज घेतो, त्यात शिलाई मशीन घेतो, आणि मग मधला माणूस सांगेल त्या भावात कपडे शिवतो. मशीन आपलं, कर्ज आपलं, लाइटबिल आपलं, आणि भाव त्याचा. नरसापूरच्या बाईला निदान दोरा तरी एजंट देत होता.

मारियाताई मे २०२३ मध्ये गेल्या, ९२ व्या वर्षी.

त्या राखीवाल्या काकूंकडे मी परत गेले. या वेळी फॉर्म पिशवीतच ठेवला आणि सुपापाशी बसले. आम्ही दिवसाचं घड्याळ काढलं. काकू पहाटे पाचला उठतात. दुपारी एक ते चार राख्या. रात्री जेवणं झाल्यावर नऊ ते अकरा राख्या. म्हणजे पाच तास. मधे नात शाळेतून आली की तीही मणी ओवते, तिचे वेगळे धरले नाहीत. राखीचा भाव ग्रोसवर मिळतो, एक ग्रोस म्हणजे १४४ राख्या. डिंक काकूंचा, दिव्याचा उजेड काकूंचा. चूक निघाली तर राख्या परत. सगळं वजा करून तासाला काय पडतं ते काढलं. आकडा छापू नकोस असं काकूंनी सांगितलंय, म्हणून छापत नाही. एवढंच सांगते की तेवढेच तास खुरपणीला गेल्या असत्या तर मिळाले असते त्याच्या निम्मेही भरले नाहीत.

काकू बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी भिंतीपलीकडे हाक मारली, "अगं ए, तुला ग्रोसला किती देतो गं तो?" पलीकडून आकडा आला. तो काकूंच्या आकड्यापेक्षा जास्त होता. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, एकाच माणसाचा माल, आणि दोन भाव! त्यानंतर जे बोलणं झालं ते या अंकात छापण्यासारखं नाही.

निघताना मी फॉर्म काढला आणि विचारलं, "काकू, आता व्यवसायात काय लिहू?" त्या म्हणाल्या, "राखी कारागीर लिही. आणि त्याच्याखाली घरकाम पण लिही, ते काय कोण येऊन करून जातं का?" दोन्ही लिहिलं. रकाना छोटा आहे, अक्षर बारीक काढावं लागलं.

त्या गल्लीत राख्या करणाऱ्या सात जणी निघाल्या. सातही जणी वेगवेगळ्या गटांत आहेत आणि एकीच्याही फॉर्मवर राखीचा शब्द नव्हता. आता त्यांनी ठरवलंय की पुढच्या वेळी माल टाकायला माणूस आला की सगळ्यांनी एका घरी बसायचं आणि तिथंच भाव बोलायचा. तो दुसऱ्या गावाला माल देईल अशी भीती दोघींना वाटते, आणि ती खोटी नाही. म्हणूनच शेजारच्या दोन गावांतल्या ताईंनाही मी कळवलं आहे.

ग्रामसंघाच्या येत्या बैठकीला तुमच्यापैकी जी कुणी घरी बसून नगावर काम करते, राख्या, टिकल्यांची पाकिटं, विड्या, शिलाई, मणी ओवणं, काहीही, तिने एका कागदावर चार गोष्टी लिहून आणाव्यात. लिहिता येत नसेल तर सीआरपी ताई लिहून देतील. माल कोण देतं, दिवसाला किती तास जातात, नगाला किंवा ग्रोसला किती मिळतात, आणि आपल्या पदरचं काय जातं. नाव घालायची सक्ती नाही, गावाचं नाव मात्र घाला. सगळे कागद एकत्र करून भावांचा तक्ता पुढच्या अंकात देईन, आणि व्यवसायाचा रकाना मोठा करावा असा अर्जही मी प्रभागसंघाकडे दिला आहे.